नोंद कामगाराची, उपयोगही त्याचाच हवा

ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागाईतदारांचे फोन पेठ, सुरगाणा, हरसूलकडे सुरू होतात. टोळी मिळेल का, किती जणांची, एकरी दर काय, उचल किती द्यावी लागेल? त्याच आठवड्यांत अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर ‘पाहिजेत’चे फलक लागलेले असतात : व्हीएमसी ऑपरेटर, सीएनसी सेटर (दोघंही संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवरचे), फिटर, हेल्पर. आणि त्याच रस्त्यांवर आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुलं हातात फाइल घेऊन एका गेटवरून दुसऱ्या गेटवर विचारत फिरतात. माणूस मिळत नाही ही तक्रार आणि काम मिळत नाही ही तक्रार, दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात, आणि दोन्ही खऱ्या.

माहितीच नाही म्हणून असं होतं, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. पेठ तालुक्यातल्या एका मुकादमाची वही मी पाहिली आहे. साधी दोनशे पानी, पुठ्ठ्याची. एकेका गावाखाली नावं आणि नावांपुढे खुणा. कुणाला छाटणी येते, कुणाचा हात थिनिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड विरळ करायला, चालतो, कोण फक्त काढणीला चालेल, कुणाच्या घरी तान्हं मूल असल्याने ती मुक्कामाला येणार नाही, कुणी गेल्या हंगामात किती उचल घेतली आणि त्यातली किती फिटली. मागच्या पानांवर बागाईतदारांची नावं. कुणी काय दर दिला, कुणी पैसे लांबवले. कोणत्याही सरकारी सर्वेक्षणाकडे नसेल इतकी ही माहिती ताजी होती. कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये हीच वही व्हॉट्सअॅप ग्रुपच्या रूपात असते.

म्हणजे माहिती आहे, पण ती खासगी मालकीची आहे. ज्याच्या हाती ती आहे तो दोन्हीकडून कमिशन घेतो, आणि जिच्याबद्दल ती आहे तिला ती दिसतही नाही. सुरगाण्याहून निघणाऱ्या बाईला पिंपळगावकडे यंदा थिनिंगला काय दर चालला आहे हे जीपमध्ये बसण्याआधी कळत नाही. आयटीआयत वेल्डर ट्रेड घेणाऱ्या मुलाला गेल्या वर्षीचे वेल्डर आज कुठे आहेत आणि किती पगार घेतात हे कुणी सांगत नाही. आणि जिल्ह्यात पुढच्या वर्षी कोणते ट्रेड वाढवायचे हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असतात ते मंजूर पदांचे आणि उपलब्ध यंत्रांचे कागद.

राष्ट्रीय पातळीवर कामगार-बाजाराची माहिती व्यवस्था हवी ही चर्चा आपल्याकडे पुन्हा पुन्हा होते आणि बहुतेक वेळा एखाद्या नव्या पोर्टलपाशी येऊन थांबते. पोर्टल हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे : माहिती देणाऱ्या कामगाराला आणि छोट्या मालकाला ती खरी देण्यात, आणि वेळोवेळी ताजी करण्यात, काय मिळतं? या प्रश्नाचं उत्तर आराखड्याच्या पहिल्या पानावर नसेल, तर बाकीची पानं कितीही चांगली असोत, व्यवस्था चालत नाही. हे मी अंदाजाने म्हणत नाही. आपल्या देशात हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे, आणि तोही मोठ्या मेहनतीने केलेला.

दुसरं महायुद्ध संपताना, १९४५ मध्ये, सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना कामाला लावण्यासाठी देशात रोजगार विनिमय केंद्रं सुरू झाली. पुढे फाळणीच्या निर्वासितांचा भार त्यांच्यावर आला. शिवा राव समितीच्या शिफारशींनंतर १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे सोपवला गेला. १९५८ मध्ये व्यवसायांचं पहिलं राष्ट्रीय वर्गीकरण तयार झालं. १९५९ मध्ये भारताने रोजगार सेवेबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार मान्य केला आणि त्याच वर्षी रिक्त जागा कळवणं बंधनकारक करणारा कायदा संसदेने केला. सरकारी आस्थापना सगळ्या, आणि खासगीत २५ किंवा जास्त माणसं असलेल्या. दर तिमाहीला ईआर-१ विवरण : किती माणसं कामावर, किती जागा रिकाम्या. दर दोन वर्षांनी ईआर-२ : कोणत्या व्यवसायात किती माणसं. आज कुणी तज्ज्ञ नव्याने आराखडा लिहायला बसला, तर याहून फारसं वेगळं लिहिणार नाही. संगणक नसताना, कार्बन पेपरच्या जमान्यात हे आखलं गेलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

मग ते कोमेजलं कशाने? विवरण भरणाऱ्या मालकाला त्याबदल्यात काहीच मिळत नव्हतं. जागा कळवायची, पण केंद्राने पाठवलेला माणूस घ्यायचं बंधन नाही. त्यामुळे कळवणं हा निव्वळ उपचार झाला. न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड पाचशे रुपयांपर्यंत. रुपयाची किंमत घसरत गेली तसा त्याचा धाकही गेला. नाव नोंदवणाऱ्याला आशा एकच, सरकारी नोकरीचा कॉल. ती आशा होती तोवर रांगा लागल्या. पण खासगीत नोकरी लागलेल्याने नाव काढायला परत यायचं काहीच कारण नव्हतं, शिकणाऱ्या मुलांनीही नावं घालून ठेवली, आणि ज्या शेतमजूर बाईला सरकारी कॉल येणारच नव्हता ती त्या कार्यालयाची पायरी कधी चढली नाही. ‘चालू नोंदवही’वरचा आकडा दर वर्षी छापला गेला. तो बेरोजगारांचा आकडा नव्हता आणि कामगारांचाही नव्हता.

आता हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि केंद्रांना ‘करिअर सेंटर’ म्हणायचं ठरलं आहे. दरम्यान २०१५ मध्ये नॅशनल करिअर सर्व्हिसचं पोर्टल आलं, राज्याचं महास्वयं आलं, आणि २६ ऑगस्ट २०२१ ला असंघटित कामगारांसाठी ई-श्रम सुरू झालं. ई-श्रमवर ३० कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक शेतीकामातल्या आहेत. इतक्या मोठ्या प्रमाणावर लोकांनी नाव नोंदवलं ही लहान गोष्ट नाही. पण नोंदणीच्या दिवशी जे काम सांगितलं तेच नावापुढे राहतं. तेव्हा गवंड्याच्या हाताखाली असलेला माणूस आज कांदा चाळीत असेल, परवा रिक्षा चालवत असेल. तो बदल सांगायला सेतू केंद्रावर जाऊन अर्धा दिवस बुडवावा असं त्याला का वाटावं? १९५९ च्या नोंदवहीला जो आजार झाला, तोच इथे होणार आहे. फक्त पाटी बदलली आहे.

सर्वेक्षणांची गोष्ट वेगळी आहे आणि त्यांच्याबद्दल मला तक्रारीपेक्षा समाधान जास्त आहे. १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण साधारण पाच-पाच वर्षांनी रोजगाराची मोठी पाहणी करत असे. २०११-१२ नंतर खंड पडला, आणि २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण सुरू झालं. जानेवारी २०२५ पासून त्याची रचना बदलून दर महिन्याचे अंदाज येऊ लागले आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला गेला. ही मोठी सुधारणा आहे. आकडे सरकारला सोयीचे म्हणून खोटे, असं सरसकट म्हणणाऱ्यांत मी नाही. घरोघरी जाऊन प्रश्नावली भरणाऱ्या अन्वेषकांचं काम मी प्रामाणिकच मानतो.

पण ते आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत हे नाशिकमध्ये बसून पाहावं. १५ वर्षांवरच्या लोकांमधला बेरोजगारीचा दर २०१७-१८ मधल्या ६ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. ‘नेहमीच्या स्थिती’च्या व्याख्येत वर्षभरात ३० दिवसांचं दुय्यम कामही माणसाला रोजगारात धरायला पुरतं; ‘चालू आठवड्या’च्या व्याख्येत आठवड्यात एक तास. या व्याख्या आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी गरजेच्या आहेत आणि त्यांत लबाडी नाही. मात्र आपल्याकडे गरिबाला रिकामं बसणं परवडतच नाही. पेठचा माणूस बेरोजगार जवळजवळ कधीच नसतो. दिवस किती भरले, हातात किती आलं आणि मधले महिने कशावर काढले, हे त्याचे प्रश्न आहेत. याच काळात श्रमबलातला स्त्रियांचा सहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला. यातल्या कितीजणी स्वतःच्या नावाने मजुरी घेतात आणि कितीजणी घरच्या बागेत बिनपगारी मदतनीस म्हणून धरल्या गेल्या, हे पाहिल्याशिवाय त्या वाढीवर आनंद मानायचा की काळजी करायची हे ठरवता येत नाही. सर्वेक्षण ही फोड देतं, पण ती राज्याची, देशाची. आमच्या जिल्ह्यात १५ तालुके आहेत. ओझरला विमानं जोडली जातात, मालेगावला यंत्रमाग चालतात, येवल्याला पैठणी विणली जाते, आणि सुरगाण्यात भात निघाला की गावं रिकामी होतात. राज्याची सरासरी यातल्या कुणाचंच चित्र दाखवत नाही.

वर्गीकरणाबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्याकडे कुणाचं सहसा लक्ष जात नाही. आपल्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाची २०१५ ची आवृत्ती आठ अंकांपर्यंत जाते, पण श्रमबल सर्वेक्षणात पहिले तीनच अंक वापरतात. त्या तीन अंकांत ७२२ हा गट आहे. खेड्यात भात्यावर विळे-कोयते शेवटणारा लोहार त्यात येतो, आणि अंबडच्या शॉपमध्ये मायक्रॉनमध्ये टूल ऑफसेट देणारा सीएनसी सेटरही त्याच गटात येतो. एकाचा धंदा आटत चालला आहे आणि दुसऱ्यासाठी गेटवर फलक लागले आहेत. दोघांची बेरीज स्थिर दिसली तर दिल्लीतल्या नियोजनकाराला वाटेल, इथे काहीच हललेलं नाही.

द्राक्षातल्या बाईचं याहून वाईट आहे. निर्यातीच्या बागेत थिनिंग करताना घडाच्या कोणत्या पाकळ्या (छोट्या फांद्या) ठेवायच्या, कोणत्या काढायच्या, मणी १६-१८ मिलिमीटरपर्यंत फुगायला जागा कशी राहील, कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला न लागता देठ कसं कापायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. हंगामामागून हंगाम करून तिच्या बोटांत ते बसलेलं असतं. नवी बाई घातली तर माल खराब होतो हे प्रत्येक बागाईतदाराला माहीत आहे. वर्गीकरणात मात्र ती ९२१ मध्ये, शेतमजूर, म्हणजे कौशल्य न लागणाऱ्या प्राथमिक कामांच्या नवव्या विभागात जाते. जे कौशल्य मोजलंच जात नाही त्याला प्रमाणपत्र मिळत नाही, त्याचा किमान वेतनाचा वेगळा दर ठरत नाही, आणि कौशल्य विभागाच्या उद्दिष्टांत ते दिसत नाही. ज्या पिकावर हा जिल्हा परकीय चलन कमावतो, त्या पिकाचं सगळ्यात नाजूक काम करणाऱ्या बाईला देशाच्या हिशेबात अकुशल म्हणायचं, हे मला मान्य नाही.

मग खरी, ताजी नोंद राहते कुठे? महाराष्ट्रातच त्याचं उदाहरण आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याची रचना साधी आहे. हमालाची नोंद माथाडी मंडळाकडे, मालकाचीही नोंद त्याच मंडळाकडे. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरतो. मंडळ टोळीला मजुरी वाटतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस चालतो. नोंद झाली नाही तर हमालाचे पैसे बुडतात, म्हणून तो नोंद तपासतो. जास्त नोंद झाली तर मालकाचे जास्त जातात, म्हणून तोही तपासतो. इथे माहिती गोळा करायला कुणी फिरत नाही. मजुरीचा व्यवहार होतो त्याच क्षणी ती तयार होते आणि दोन्ही बाजूंच्या नजरेखालून जाते.

माथाडी मंडळांत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. लेव्हीच्या वादावरून आमच्या बाजार समित्यांतले कांद्याचे लिलाव २०२४ मध्ये बंद पडले होते आणि शेतकऱ्याला त्याची झळ बसली. बिनकामाच्या वसुलीच्या तक्रारी उद्योजक करतात, त्या सगळ्याच खोट्या नाहीत. तरीही, मंडळाकडे नोंदलेल्या हमालाचे वर्षात किती दिवस भरले, किती कमाई झाली, हे कागदावर दाखवता येतं. देशातल्या अंगमेहनतीच्या किती कामांबद्दल असं म्हणता येईल?

यावर कुणी विचारेल, लाभ दिला की नोंदणी खरी होते, तर बांधकाम कामगारांचं काय? रास्त प्रश्न आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकाम कामगार कल्याण मंडळं झाली, बांधकाम खर्चावर उपकर बसला, आणि त्यातून शिष्यवृत्ती, सुरक्षा संच, भांड्यांचा संच असे लाभ मिळू लागले. संच वाटपाच्या वेळी कशा रांगा लागतात हे सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या रांगांत कधी विटेला हात न लावलेली माणसंही असल्याच्या तक्रारी झाल्या आहेत. उलट खराखुरा गवंडी मागे राहतो, कारण वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला त्याला मिळत नाही. नाक्यावर रोज वेगळा ठेकेदार, दाखल्यावर सही करायला कुणीच तयार नाही, मग ग्रामसेवकाच्या विनवण्या.

दोन्हीकडे लाभ आहे, मग फरक कुठे पडला? माथाडीत नोंद आणि मजुरी एकाच व्यवहाराचे दोन भाग आहेत. बांधकामात नोंद एकीकडे, मजुरी दुसरीकडे, आणि दोघांना जोडायला एक दाखला. दाखला विकत घेता येतो. म्हणून नुसता लाभ जोडून भागत नाही. पैसे ज्या कागदावरून दिले जातात त्याच कागदावर नोंद व्हायला हवी. रोजगार हमीतही हेच दिसतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क झालेली ही योजना देशाला महाराष्ट्राने दिली. पुढच्या केंद्रीय कायद्यात कामाच्या अर्जाची तारखेसह पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत काम न दिल्यास भत्ता द्यायचा अशी तरतूद आली. पोच दिली की भत्त्याची जबाबदारी अंगावर येते, म्हणून अनेक ठिकाणी पोचच देत नाहीत. झालेल्या कामाची नोंद संगणकात चोख असते, कारण तिच्यावर पैसे निघतात. मागणीची नोंद विरळ असते. मग आकड्यांवरून दिसतं की लोकांनी काम मागितलंच नाही.

ब्राझीलने हे फार पूर्वी ओळखलं. तिथे १९७५ पासून प्रत्येक मालकाला वर्षातून एकदा आपल्याकडच्या प्रत्येक कामगाराचं विवरण द्यावं लागे. कोण, कोणत्या व्यवसायात, किती पगारावर, किती महिने. त्या विवरणाला ‘राइस’ म्हणत. आणि कमी पगाराच्या कामगाराला सरकारकडून वर्षाला जो पगारी भत्ता मिळतो, त्यासाठी या विवरणात आपलं नाव असणं आवश्यक असे. परिणाम असा की ‘माझं नाव घातलं का?’ हे विचारायला कामगार स्वतःच मालकाच्या दारात उभा राही. इन्स्पेक्टर हजार ठेवले तरी जे साधलं नसतं ते एका अटीने साधलं. ब्राझीलचा संघटित कामगार-बाजार गावपातळीपर्यंत अभ्यासता येतो तो या विवरणामुळे. तिथेही नोंदणीबाहेरचा कामगार मोठ्या संख्येने आहे आणि त्याच्यासाठी घरोघरचं सर्वेक्षण लागतंच. पण दोन पायांतला एक तरी त्यांनी भक्कम केला.

आपल्याकडे त्या विवरणाच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची नोंद. २०१८ पासून तिचे मासिक आकडे प्रसिद्ध होतात आणि वर्तमानपत्रांत ‘इतक्या लाख नव्या नोकऱ्या’ असे मथळे येतात. यात घोटाळा असा की २० पेक्षा कमी माणसं असलेला कारखाना सहसा या कायद्याबाहेर राहतो, आणि सातपूर-अंबडला जॉबवर्क करणारी किती शॉप आठ-दहा माणसांवर चालतात हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. दुसरं म्हणजे कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या नोंदणीखाली दिसतो; ठेकेदाराचं कार्यालय दुसऱ्या शहरात असेल तर सिन्नरच्या मशीनवर उभा असलेला मुलगा आकड्यांत तिकडे कामाला असतो.

तरीही या नोंदीत एक अशी माहिती दडलेली आहे, जी बाहेर आली तर औद्योगिक वसाहतींमधल्या चर्चेचा रोख बदलेल. आपल्याकडे ‘ब्रेक’ देण्याची पद्धत आहे. सहा-सात महिने झाले, २४० दिवस भरून कायद्याचं संरक्षण लागू व्हायच्या आत मुलाला घरी बसवायचं, आणि काही दिवसांनी त्याच मशीनवर दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने पुन्हा घ्यायचं. आयटीआय झालेली कितीतरी मुलं तिशीपर्यंत अशीच ब्रेकवर ब्रेक घेत राहतात. मालक म्हणतात, मुलं टिकत नाहीत. मुलं म्हणतात, टिकू देत नाहीत. प्रत्येक सदस्याचा क्रमांक आयुष्यभर एकच असतो, त्यामुळे कोण किती दिवसांनी बाहेर पडला आणि किती दिवसांनी परत आला हे त्या नोंदीत आधीपासून आहे. नावं न देता, जिल्हानिहाय आणि उद्योगनिहाय, एवढंच छापावं : नोकरी सरासरी किती दिवस टिकली, आणि २४० च्या अलीकडच्या दिवसांत किती नोकऱ्या संपल्या. यासाठी नवं सर्वेक्षण नको, नवं पोर्टल नको. प्रशिक्षणाच्या योजनांचंही तसंच. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून मुलांना सहा ते दहा हजारांचं विद्यावेतन मिळालं, ते चांगलंच झालं. ती मुलं वर्षभराने कुठे आहेत हेही त्याच क्रमांकावरून काढता येईल.

इथे भीतीचा मुद्दा येतो आणि तो मी हलका मानत नाही. छोट्या शॉपच्या मालकाला वाटतं की खरी माणसं सांगितली की उद्या पीएफवाला आणि लेबर इन्स्पेक्टर दारात. कामगाराला वाटतं की आपली नोंद मालकांमध्ये फिरली तर ‘हा युनियनवाला’ म्हणून कुठेच घेणार नाहीत. दोघांची भीती अनुभवातून आलेली आहे. सांख्यिकी संकलन कायदा २००८ मध्ये गोपनीयतेची तरतूद आहे : सांख्यिकीसाठी घेतलेली एखाद्याची वैयक्तिक माहिती दुसऱ्या कारणासाठी वापरायची नाही. नव्या व्यवस्थेचा पाया हा असायला हवा, आणि तो मोडणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा व्हायला हवी. जोडीला, कामगाराला स्वतःची नोंद मोबाइलवर, मराठीत, कधीही पाहता यावी, चूक असेल तर बदलून घेता यावी, आणि अनुभवाचा दाखला म्हणून ती पुढच्या गेटवर दाखवता यावी. आज ठेकेदार बदलला की पाच वर्षांचा सेटर पुन्हा ‘फ्रेशर’ होतो. ही एक गोष्ट मिळणार असेल तर मुलं आपली नोंद स्वतःहून ताजी ठेवतील.

बागाईतदारांचा आक्षेप वेगळा असतो : दर जाहीर केले तर मजुरी वाढेल. काही ठिकाणी वाढेल, आणि जिथे अडचणीचा फायदा घेऊन कमी दिली जात होती तिथे ती वाढायलाच हवी. पण आजच्या अंधाराची किंमत बागाईतदारही मोजतो. मुकादमाला उचल दिली आणि टोळी दुसऱ्याच्या बागेत उतरली, हे दर हंगामात कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. पोलिसात जायला कागद नसतो, कारण कागद करायचाच नाही असा दोघांचाही रिवाज. उचल, दर आणि दिवस ग्रामपंचायतीत लिहिले गेले तर टोळीचं शोषण आणि बागाईतदाराची फसवणूक दोन्हीला लगाम बसेल. पेठ-सुरगाण्याच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर दर पंधरवड्याला दिंडोरी, निफाड, चांदवडचे छाटणीचे, थिनिंगचे, कांदा लागवडीचे चालू दर लागले, तर निघण्याआधीच बाईला सौदा करता येईल. कृषी उत्पन्नाचे भाव रोज जाहीर होतात. लासलगावला कांद्याचा किमान, कमाल आणि सरासरी भाव काय निघाला ते संध्याकाळच्या आत राज्यभर कळतं. तो कांदा लावणाऱ्या, काढणाऱ्या हातांचा भाव असा रोज छापला जात नाही.

हे सगळं जिल्ह्यात करायला यंत्रणा नाही असं नाही. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा कार्यालय आहे, ते दर वर्षी जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं. कौशल्य व रोजगार विभागाचं कार्यालय आहे, आयटीआय आहेत, निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत. दर तिमाहीला पंधरा-वीस व्यवसायांचे चालू पगार, रिकाम्या जागा आणि नोकरी टिकण्याचे दिवस सांगणारी चार पानी पत्रिका या मंडळींना मिळून काढता येईल. देशाची व्यवस्था अशा जिल्ह्यांच्या बेरजेतून उभी राहावी, सर्वत्र एकच व्याख्या आणि एकच संकेतांक ठेवून. दिल्लीने व्याख्या, दर्जा आणि गोपनीयता सांभाळावी. उलट क्रमाने, आधी दिल्लीत सर्व्हर आणि मग जिल्ह्याला उद्दिष्ट, असं गेलं की जिल्हा उद्दिष्ट पूर्ण करतो. नोंदी भरतात, पण त्यांचा उपयोग जिल्ह्यालाच होत नाही.

सुरुवात कुठून करायची याचं उत्तर नाशिकपुरतं तरी समोर आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण अशी कामं निघाली आहेत. पैसे देणारं सरकार आहे, त्यामुळे इथे नवा कायदा लागत नाही. निविदेत एक अट घालून भागतं. ठेकेदाराच्या प्रत्येक बिलासोबत मजुरांच्या हजेरीची यादी जोडलेली असावी : व्यवसाय, भरलेले दिवस, खात्यात जमा केलेली मजुरी, मूळ तालुका. यादी नाही तर बिल नाही. त्या बिलातून बांधकाम कल्याणाचा एक टक्का उपकर आजही कापला जातो, मग तो कुणाच्या श्रमापोटी कापला हे त्याच कागदावर यायला काय हरकत आहे? तसं झालं तर रामकुंडाच्या आसपास कोबा करणाऱ्या माणसाचे ९० दिवस आपोआप मंडळाकडे लागतील आणि दाखल्यासाठी त्याला कुणाच्या पाया पडावं लागणार नाही. जिल्ह्याला पहिल्यांदाच कळेल की गवंडी किती होते, सेंट्रिंगचे किती, वेल्डर किती बाहेरून आणावे लागले आणि किती आमच्याच आयटीआयचे होते. निविदा अजून निघत आहेत. मंत्र्यांच्या, विभागीय आयुक्तांच्या आढावा बैठका होत आहेत. ही अट पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर यावी, अशी माझी मागणी आहे, आणि नाशिकच्या कामगार संघटनांनी आणि उद्योजकांनी ती मिळून करावी.